उपयुक्त आणि उपद्रवी

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या अरण्याला लागून, चोरखमारा नावाचे एक लहानसे गाव आहे आणि त्याच नावाचा एक मोठा जलाशय आहे. हा जलाशय निसर्गाने निर्मिलेला नव्हे. इंग्रजी अमदानीत ओढ्याला मातीचा बांध घालून १९२३ साली तो सिद्ध झाला; त्याच्या शेजारचा बोदलकसा येथील तलाव त्याच्याही आधी सहा वर्षे, म्हणजे १९१७ साली तयार झाला होता. दोन्ही ठिकाणी बांध घालणाऱ्यांचा हेतू एकच होता, व तो अगदी उघड होता: धानाच्या बांध्यांना पाणी मिळावे. पाऊस दगा देतो, रोवणी खोळंबते, आणि ऐन निसवण्याच्या वेळी पीक वाळून जाते, ही झाडीपट्टीच्या शेतकऱ्याची जुनी व्यथा. तिच्यावरचा हा उपाय होता. तेव्हा हे तळे माणसाचे, माणसाने माणसासाठी केलेले, ह्यात संशय नाही.

परंतु पाणी एकदा साचले की ते कोणासाठी साचले आहे हे त्याला ठाऊक नसते. हिवाळ्यात त्याच पाण्यावर पक्ष्यांचे थवे उतरू लागले. काठच्या चिखलात रानातल्या जनावरांची पावले उमटू लागली. तळाशी मरळ आणि वाम ह्यांची वंशपरंपरा सुरू झाली. त्या माशांवर ढिवरांचे आणि पाणकावळ्यांचे, दोघांचेही पोट चालू लागले. ज्यांच्यासाठी बांध घातला त्यांच्या यादीत ह्या मंडळींची गणना होण्याचे काही कारण नव्हते. पुढे १९७० साली लगतचे सुमारे दीडशे चौरस किलोमीटरांचे अरण्य अभयारण्य म्हणून घोषित झाले, डिसेंबर २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग झाले, आणि आज चोरखमारा हे नाव पुण्या-मुंबईच्या माणसाच्या कानांवर पडते ते अरण्यात शिरण्याचे एक द्वार म्हणून. एकाच जागेकडे पाहणाऱ्या दृष्टी शंभर वर्षांत किती पालटल्या ते ह्यावरून ध्यानात यावे.

मनुष्यकेंद्री दृष्टी असा एक शब्दप्रयोग अलीकडे विद्वानांच्या लेखनात वारंवार आढळतो. त्याचा अर्थ फार गहन नाही. सृष्टीतील प्रत्येक वस्तूची किंमत तिच्यापासून माणसाला होणाऱ्या लाभहानीवरून ठरवावयाची, ही ती दृष्टी. गाय दूध देते म्हणून चांगली, उंदीर धान्य खातो म्हणून वाईट, आणि फुलपाखरू दोहोंपैकी काहीच करीत नाही म्हणून ते कवींच्या हवाली. घर चालविणाऱ्या माणसाने असा हिशेब ठेवावा ह्यात अस्वाभाविक असे काही नाही. मुंगीही मुंगीचाच हिशेब ठेवते. प्रश्न एवढाच की ह्या हिशेबाने प्राण्याची जी किंमत निघते ती प्राण्याची किंमत असते, की हिशेब मांडणाऱ्याची त्या दिवसाची गरज असते?

ह्याचे उत्तर शोधण्यास नागझिऱ्याच्या रानकुत्र्याइतका चांगला साक्षीदार सापडणार नाही. जुन्या मराठीत ह्याला कोळसुंदा म्हणत. तांबूस अंगाचा, काळ्या झुपकेदार शेपटीचा, गावकुत्र्याहून फारसा मोठा नसलेला हा प्राणी टोळी करून राहतो आणि बहुधा दिवसाउजेडी शिकार करतो. वाघ गळा धरून सावज मारतो व मग खाण्यास बसतो. रानकुत्र्यांना तेवढे बळ एकेकट्याच्या जबड्यात नसल्यामुळे धावत्या जनावरालाच ती फाडू लागतात. हे दृश्य पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो ह्यात शंका नाही. इंग्रज शिकाऱ्यांनी त्यावरून ह्या प्राण्याला क्रूर, नीच व हरणांचा संहारक ठरविले. किप्लिंगची जंगलातील गोष्टींची दोन पुस्तके १८९४ व १८९५ साली निघाली. त्यांतील अरण्य सिवनीचे व नदी वैनगंगा. म्हणजे जी नदी पुढे वाहत तिरोडा तालुक्याच्या अंगाने जाते तीच. दुसऱ्या पुस्तकात ह्या तांबड्या कुत्र्यांची एक गोष्ट आहे. तीत ते बाहेरून चाल करून आलेले, दयामाया नसलेले लुटारू म्हणून रंगविलेले आहेत, आणि त्यांचा निःपात झाला की वाचणाऱ्या मुलाला हायसे वाटते. किप्लिंग स्वतः सिवनीच्या रानात कधी गेला नव्हता, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

गोष्टीतला द्वेष गोष्टीत राहिला असता तर त्याचे एवढे काही वाटले नसते. परंतु रानकुत्रा मारून आणणाऱ्यास सरकारी बक्षीस देण्याची पद्धत अनेक प्रांतांत होती, आणि वन्य जीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली होईपर्यंत ती ठिकठिकाणी चालू होती. हा प्राणी माणसावर हल्ला करतो म्हणून त्याच्यावर इनाम होते काय? तसे नव्हे, रानकुत्र्याने माणूस मारल्याच्या वार्ता जवळजवळ ऐकूच येत नाहीत. त्याचा खरा अपराध असा, की ज्या चितळांवर आणि सांबरांवर साहेबांच्या व संस्थानिकांच्या बंदुकींचा डोळा होता त्यांच्यावरच तो आपले पोट भरीत असे. शिकाऱ्याने शिकाऱ्याला उपद्रवी ठरविले, आणि निवाडा देणाराही त्यांतलाच एक पक्षकार होता.

आता त्याच प्राण्याच्या घरात डोकावून पाहावे. टोळीत पिले बहुधा एकाच मादीला होतात. ती बिळाशी थांबते, आणि बाकीची मंडळी शिकारीवर जाऊन पोटात साठवून आणलेले मांस तिच्यासाठी व पिलांसाठी ओकून टाकतात. ज्यांची ती पिले नव्हेत असे काके-मामेही हे काम करतात. पिले हिंडूफिरू लागली की सावजावर प्रथम त्यांना खाऊ देतात, व थोरले भोवताली राखण करीत उभे राहतात. दाट रानात पांगलेले सोबती एकमेकांना शीळ घालून गोळा करतात. ही सर्व हकीकत ज्या काळी त्याच्यावर इनाम लावले होते त्या काळीही खरी होती. रानकुत्रा बदललेला नाही. आज जगात प्रजननक्षम अशी ही जनावरे सुमारे एक हजार ते सव्वादोन हजार उरली असावीत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि ज्यांना पाहण्यासाठी लोक हौसेने नागझिऱ्यास येतात त्यांत रानकुत्र्यांची टोळी ही एक आहे.

वाघाची कथा ह्याहून प्रसिद्ध असल्यामुळे तिच्यात फार वेळ घालविण्याचे कारण नाही. १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले असा इतिहासकार महेश रंगराजन ह्यांचा अंदाज आहे. आज एकेक वाघ मोजला जातो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ भरले. मे २०२३ मध्ये तर चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या रानात वाघ दाटीने झाले म्हणून तेथील दोन वाघिणी पकडून, वाहनात घालून, नागझिऱ्यास आणून सोडल्या. बक्षिसाच्या जागी संरक्षण आले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र वाघावरील हे प्रेम मनुष्यकेंद्री नाही असे कोणी समजू नये. प्रवेशद्वारातून परतणाऱ्या मोटारींतून एकमेकांस विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: वाघ दिसला काय? दिसला नाही तर रान फुकट गेले. अस्वल, गवा, दोनशेवर जातींचे पक्षी, माथ्यावरचे शतायुषी वृक्ष ही सारी त्या दिवशी नापास होतात. पूर्वी वाघाचे कातडे दिवाणखान्यात टांगीत, आता छायाचित्र टांगतात. वाघाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, ह्यात वाद नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीत तो तितकासा मोठा नाही.

उपद्रवी हा शब्द केवळ बोलण्यातला नव्हे, कायद्यातलाही होता. १९७२ च्या कायद्याला जी परिशिष्टे जोडलेली होती त्यांतील पाचव्यात उपद्रवी प्राण्यांची नावे होती: साधा कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर व घुशी. ह्यांना मारण्यास परवान्याची आवश्यकता नव्हती. महाराष्ट्रातील ज्या घरांत दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवावा म्हणून माणसे हात जोडून तासन्‌तास ताटकळतात, त्याच घरांतून निवडून गेलेल्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने हा कायदा संमत केला. कावळा एका दिवशी पितर व उरलेल्या दिवशी उपद्रवी. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन हे परिशिष्ट निघाले. तथापि एखाद्या प्राण्यास तात्पुरते उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्या हाती ठेवला आहे.

ह्यावर एक समंजस उत्तर असे दिले जाते की दोष हिशेबाचा नसून अपुऱ्या हिशेबाचा आहे. माणसाने आपला लाभ दूरवर पाहावा, म्हणजे कोणताच प्राणी निरुपयोगी ठरणार नाही. ह्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. गिधाडाचेच उदाहरण घ्यावे. घाणेरडा, अशुभ म्हणून ज्याच्याकडे कोणी पाहत नसे तो पक्षी विसाव्या शतकाच्या अखेरीस हां हां म्हणता नाहीसा होऊ लागला. कारण उमगले ते असे, की दुखणाईत गुरांना डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचीत, आणि असे गुरू मेले व गिधाडांनी ते खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली गुरांसाठी ह्या औषधावर बंदी आली. तोवर गावोगावच्या हाडोळ्यांवर ढोरे कुजत पडू लागली होती व मोकाट कुत्री वाढली होती. गिधाड काय काम करीत होते हे ते गेल्यावर कळले.

गोंदिया जिल्ह्यातील मामा तलावांचीही अशीच गोष्ट आहे. मालगुजारांच्या काळचे म्हणून हे मामा तलाव. मालगुजारी गेल्यावर त्यांना धनी उरला नाही. तलावांत बेशरमची झुडपे माजली, जास्त भावाच्या रोहू-कटल्याची बीजे सोडण्यात आली आणि देशी मासळी हलकी म्हणून मागे पडली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाला, विशेषतः त्यातील स्त्रियांना बरोबर घेऊन बेशरम उपटली व तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. देवधानासारख्या ह्या वनस्पती धान्याच्या कोणत्याच बाजारात विकल्या जात नाहीत. पण माशांना अंडी घालण्यास व पक्ष्यांना चरण्यास त्यांच्यावाचून आसरा नाही. कोणता मासा कोणत्या गवताच्या आड राहतो हे ज्ञान ढिवरांजवळ पिढ्यान्‌पिढ्या होते. कै. मारुती चितमपल्ली ह्यांनी नवेगावच्या वास्तव्यात अशाच माणसांना गुरू करून पाखरांची नावे व सवयी टिपून घेतल्या, हे त्यांच्या वाचकांस ठाऊकच आहे.

एवढे सगळे मान्य केले तरी दूरदृष्टीचा हिशेबही एके ठिकाणी येऊन थांबतो, आणि ते ठिकाणही ह्याच जिल्ह्यात आहे.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच पक्षी. मान उभारली म्हणजे तो पुरुषभर उंचीचा दिसतो. अंग राखी, डोके व मानेचा वरचा भाग लालभडक. महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या आसपासच्या बांध्यांतून व तलावांतून. २०२१ पासूनच्या गणनांत जिल्ह्यातील सारसांचा आकडा चाळिशीच्या आतच राहिला आहे. जोडपे एकदा जमले की सहसा मोडत नाही. नर-मादी समोरासमोर उभी राहून, माना वर करून, एकाच्या सुरात दुसऱ्याने सूर मिसळावा तशी तुतारी फुंकतात. बादशहा जहांगीर ह्याने सतराव्या शतकात पाळलेल्या सारसांच्या एका जोडीला लैला-मजनू अशी नावे दिली होती. त्या जोडीने घरटे कसे केले, अंडी केव्हा घातली, ती कोणी किती वेळ उबविली, ह्याची टिपणे त्याने आपल्या रोजनिशीत ठेविली आहेत. शिकारीचे अफाट वेड असलेल्या ह्या राजाने एका पक्ष्याच्या संसारापुढे तासन्‌तास बसून राहावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

सारसाचा माणसाला उपयोग काय? खरे सांगावयाचे तर काही नाही. तो नाहीसा झाला म्हणून गोंदियात धान कमी पिकणार नाही, की रोगराई वाढणार नाही. उलट थोडा उपद्रवच आहे. पावसाळ्यात रोवणी झाल्यावर जोडपे एखाद्या बांधीत उतरते, भोवतालचे धान व गवत उपटून हातभर रुंदीचे नव्हे, चांगले पुरुषभर रुंदीचे घरटे रचते, त्यात बहुधा दोन अंडी घालते व महिनाभर आळीपाळीने उबविते. तेवढे पीक गेलेच. शिवाय जवळपास निंदण करणे, औषध फवारणे अडते. ज्याची सारी जमीन दोन-चार एकरांची, त्याच्या लेखी हे नुकसान अगदीच नगण्य नसते. असे असूनही ह्या जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांनी घरटी राखली. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था गेली अनेक वर्षे गावोगाव फिरून हे काम करीत आहे. घरटे सापडले की शेतमालकाशी बोलणे, अंड्यांवर व पिलांवर लक्ष ठेवणे, सारसांची मोजदाद करणे अशी तिची रीत आहे. संस्थेने समजावले हे खरे, पण ज्याला समजावले त्याच्या मनात आधीच काही नसते तर समजावणीचा उपयोग झाला नसता. बांधीतल्या सारसाला दगड मारू नये, हे त्याने कोणत्याही लाभहानीच्या कोष्टकावरून काढलेले नव्हते. घरटे केलेल्या जोडप्याला उठविणे त्याला बरे वाटत नाही, एवढेच.

ज्याला मनुष्यकेंद्री नसलेली दृष्टी म्हणतात ती हीच असावी. तिच्यासाठी माणसाने स्वतःला क्षुद्र मानण्याची जरुरी नाही. समोरच्या प्राण्याचेही एक घर आहे, त्याचे त्याला काम आहे, व ते काम माणसाने नेमून दिलेले नाही, एवढे दिसले म्हणजे पुरे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये गीरच्या सिंहांच्या खटल्यात हाच विचार कायद्याच्या भाषेत मांडला: एखाद्या जातीचे संरक्षण करावयाचे ते तिच्या हिताकडे पाहून, माणसाच्या सोयीकडे पाहून नव्हे. पुढील वर्षी मे महिन्यात तमिळनाडूची जलिकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाड्यांच्या शर्यती त्याच न्यायालयाने थांबविल्या. त्या निकालाने झाडीपट्टीत मोठी खळबळ माजली. कारण सुगीनंतरचे शंकरपट आणि त्यांच्या निमित्ताने रात्री होणारी नाटके हा तेथील हिवाळ्याचा आनंद होय. जो शेतकरी पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, त्याच्या पाया पडतो, व दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात मुलाच्या हाती लाकडी बैल देतो, तोच पटात बैलाला पिटाळतो. त्याचे म्हणणे असे की पटाचा बैल घरच्या मुलासारखा पोसला जातो, आणि पट बंद झाले तर अशा बैलांना कोण पोसील? हे म्हणणे खोटे नाही. बैलाचे म्हणणे मात्र कोणी विचारले नाही, हेही खोटे नाही. राज्याने २०१७ साली कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो वैध ठरविला; शर्यती नियमांच्या बंधनात पुन्हा सुरू झाल्या आहेत.

एक गोष्ट मात्र शहरातील घरांत बसून हा विषय ऐकणाऱ्यांनी नजरेआड करू नये. प्राण्यांविषयी उदार होणे जेवढे दुरून सोपे, तेवढे जवळून नाही. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्याचा धान रानडुकरे एका रात्रीत लोळवितात. त्याची गाय वाघ किंवा बिबट नेतो. उन्हाळ्यात मोहफुले वेचावयास व तेंदूची पाने तोडावयास पहाटे रानाकडे गेलेली बाई घरी परतेलच अशी खात्री त्या भागात कोणी देत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात अशा वार्ता दर उन्हाळ्यात येतात. नुकसानभरपाई मिळते, परंतु पंचनामा, अर्ज आणि खेपा ह्यांतून ती हाती पडेतो दुसरा हंगाम येतो. अशा माणसाला तू मनुष्यकेंद्री आहेस असे म्हणणे हा उद्धटपणा होय. वाघ वाचला ह्याचे समाधान साऱ्या देशाचे, आणि त्याचे बिल एका बांधाच्या एका बाजूच्या लोकांनी भरावयाचे, ही वाटणी ज्यांना खटकत नाही त्यांचे प्राणिप्रेमही आपल्या सोयीपुरतेच आहे.

पावसाळा लागला की नागझिऱ्याची द्वारे पर्यटकांसाठी बंद होतात. चोरखमाऱ्याच्या फाटकाशी मोटारी थांबत नाहीत, वाघ दिसला काय म्हणून विचारणारे कोणी नसते. तळे काठोकाठ भरत येते. खालच्या बांध्यांतून चिखलणी होते, परे उपटून रोवणीस नेतात, बायकांची गाणी ऐकू येतात. त्याच सुमारास पलीकडे वैनगंगेच्या व बाघ नदीच्या काठांवर सारसांची जोडपी घरट्यासाठी बांधी शोधीत फिरू लागतात, व ज्याच्या बांधीत ती उतरतील त्या शेतकऱ्याला त्या वर्षी निंदणाचा बेत थोडा बदलावा लागतो.